ॲपला तुमच्या गच्चीवरचं ऊन कसं कळतं? त्यामागच्या ॲना मणींची गोष्ट

सोलारचं कुठलंही ॲप उघडा. नकाशावर आपलं घर शोधा, छतावर बोट टेकवा. दोन सेकंदांत उत्तर येतं: इथे इतके किलोवॅट बसतील, महिन्याला साधारण इतकी युनिट वीज तयार होईल. मी हे रोज करते. नाशिकमध्ये रूफटॉप सोलारचे साइट सर्व्हे करणं हीच माझी नोकरी आहे.

मे महिन्यात म्हसरूळला एका काकांच्या गच्चीवर सर्व्हेला गेले होते. काकांनी आधी विचारलं, साहेब मागून येतायत का? मी सांगितलं, साहेब कुणी नाहीत, सर्व्हे मीच करणार. टेप लावली, पाण्याच्या टाकीची सावली कुठवर जाते ते पाहिलं, अर्थिंगची जागा ठरवली आणि ॲपमधला आकडा दाखवला. काका निवृत्त फिटर. मोजमापाचा माणूस. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि मी अडकले. माझ्या गच्चीवर किती ऊन पडतं हे या मोबाइलला सांगितलं कुणी? मी म्हटलं, सॅटेलाइटने. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की सॅटेलाइट वर आहे आणि ऊन खाली पडतं. मधलं गणित बरोबर आहे, हे कुणी तपासलं?

मला उत्तर आलं नाही. घरी येऊन शोधत बसले आणि एका नावापाशी पोचले: ॲना मणी. २३ ऑगस्ट २०२२ ला गुगलने त्यांचं डूडल केलं होतं. तेव्हा मी ते पाहिलं होतं आणि स्क्रोल करून पुढे गेले होते. या वेळी थांबले.

हिऱ्याच्या कुड्या की पुस्तकं?

ॲना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा. गाव पीरमेडू, तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानातलं, आजच्या केरळातलं. वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे होते. आठ भावंडांत ॲना सातवी. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मुलगे मोठ्या हुद्द्यांसाठी वाढवायचे आणि मुली लग्नासाठी, अशी तिथली रीत होती.

मुलगी आठ वर्षांची झाली की वाढदिवसाला तिला हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या, हीसुद्धा घरची पद्धत. ॲनाने कुड्या नको म्हटलं आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका मागितला. तोवर गावच्या वाचनालयातली जवळपास सगळी मल्याळी पुस्तकं तिची वाचून झाली होती. १९२५ मध्ये वायकोम सत्याग्रहाच्या वेळी गांधीजी त्या भागात आले. त्याचा तिच्यावर परिणाम झाला आणि ती खादी वापरू लागली. बहिणींची लग्नं लवकर झाली. ॲनाला शिकायचं होतं. घरच्यांनी फार कौतुक केलं नाही, पण रस्ताही अडवला नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९३९ मध्ये त्यांनी फिजिक्समध्ये बीएस्सी ऑनर्स केलं आणि पुढच्याच वर्षी संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळवून त्या बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाल्या.

ते दार आधी कुणी उघडलं होतं?

इथे एका मराठी नावाचा उल्लेख करायलाच हवा. सात वर्षं आधी, १९३३ मध्ये, त्याच संस्थेत मुंबईच्या कमला भागवत यांनी अर्ज केला होता. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या या मुलीला संस्थेचे संचालक, नोबेल विजेते सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर तात्पुरता प्रवेश मिळाला, तोही अटी घालून. त्यांनी आपलं काम दाखवलं आणि त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळणं सोपं झालं. पुढे केंब्रिजची पीएचडी घेऊन त्या विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

त्यामुळे १९४० मध्ये ॲना मणी रामन यांच्याच प्रयोगशाळेत पोचल्या, तेव्हा दाराशी त्यांना भांडावं लागलं नाही. ते भांडण एका मराठी मुलीने आधीच करून ठेवलं होतं.

काम पूर्ण, कागद नाही

दार उघडलं म्हणजे आत सगळं सारखं झालं असं नाही. प्रयोगशाळेत मुलींची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती. मुलामुलींनी एकमेकांशी मोकळं बोलणं रामन यांना चालत नसे. चहाच्या टेबलावर होणाऱ्या चर्चेतून माणूस निम्मं शिकतो. तिथे मुली नसायच्या.

मणी यांचा विषय होता हिरे आणि माणकं. आठव्या वर्षी नाकारलेले हिरे असे परत आले! हिऱ्यातून निघणारा मंद प्रकाश फोटोच्या काचेवर उमटवायला एकेका वेळी १५ ते २० तास लागत. त्या रात्र रात्र प्रयोगशाळेत थांबत. १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि ऑगस्ट १९४५ मध्ये पीएचडीचा प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला.

विद्यापीठाने पदवी दिली नाही. त्यांच्याकडे एमएस्सी नाही, असं कारण दिलं. ऑनर्सच्या जोरावर संशोधनाची शिष्यवृत्ती मिळालेली, पाच निबंध छापलेले, यातलं काही मोजलं गेलं नाही. तो प्रबंध आजही बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आहे, पण मणी आयुष्यभर डॉक्टर झाल्या नाहीत.

हा भाग मी दोनदा वाचला. का, ते शेवटी सांगते.

हवी होती एक शिष्यवृत्ती, मिळाली दुसरी

त्याच वर्षी त्यांना सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जायची संधी मिळाली. मनात होतं फिजिक्स. पण जागा शिल्लक होती ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासासाठी. त्यांनी ती घेतली. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात राहून तापमापक, वायुभारमापक, वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं कशी बनवतात, कशी तपासतात, कशी बिघडतात हे सगळं त्या शिकल्या.

१९४८ मध्ये त्या स्वतंत्र भारतात परतल्या आणि नोकरीसाठी थेट आपल्या पुण्यात आल्या. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस माहीत असेल. हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हललं, म्हणून त्या इमारतीला हे नाव पडलं. पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात मणी रुजू झाल्या.

तेव्हा अगदी साधी उपकरणंसुद्धा परदेशातून यायची. विभागप्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांना ती इथेच बनवायची होती. कारखाना उभा राहू लागला आणि मणी त्यात खोल शिरल्या. सुमारे १०० वेगवेगळ्या उपकरणांची प्रमाणित ड्रॉइंग त्यांनी तयार करून घेतली. म्हणजे पुण्यात बनलेलं यंत्र कुठल्याही वेधशाळेत बसवलं तरी मोजमाप सारखंच यावं. १९५३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. हाताखाली १२१ पुरुष होते.

चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं परवडलं, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या धंद्यात हे वाक्य भिंतीवर लावायला हवं.

ऊन मोजतात तरी कसं?

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. फोनमध्ये प्रकाश मोजणारा सेन्सर असतो, तोच स्क्रीनचा ब्राइटनेस कमी-जास्त करतो. पण तो आपल्या डोळ्यांना किती उजेड जाणवतो तेवढं बघतो. सोलारसाठी हवी ती सूर्याची एकूण ऊर्जा: एका चौरस मीटरवर किती वॅट पडतात हे. निरभ्र दुपारी हा आकडा साधारण १,००० च्या आसपास जातो.

तो मोजणाऱ्या यंत्राला पायरॅनोमीटर म्हणतात. दिसायला काचेचा घुमट असलेली छोटी वाटी. आत काळी पट्टी असते. ती ऊन शोषून तापते. तिच्याखाली दोन वेगवेगळ्या धातूंचे जोड असतात. जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असली की अगदी थोडा व्होल्टेज तयार होतो. जितकं ऊन जास्त, तितका व्होल्टेज जास्त. काचेमुळे वाऱ्याने पट्टी थंड होत नाही. थेट सूर्याकडून येणारं ऊन आणि ढग-धुळीतून विखरून येणारा उजेड वेगवेगळे मोजायचीही सोय असते.

यंत्र सोपं वाटतं. अवघड आहे ते वर्षानुवर्षं, रोज, शेकडो किलोमीटर लांबच्या ठिकाणी ते बरोबर चालू ठेवणं. काचेवर धूळ बसते, काळा रंग फिका पडतो, सूक्ष्म व्होल्टेज नोंदवणारं यंत्र हळूहळू चुकायला लागतं. म्हणून प्रत्येक यंत्र ठरावीक काळाने एका प्रमाण यंत्राशी ताडून बघावं लागतं.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हा एकाच वेळी पृथ्वीची मोजमापं घेत होते. त्या निमित्ताने मणी यांनी भारतात सौर ऊर्जा मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं. सुरुवातीला यंत्रं बाहेरून आणली, मग इथेच बनवली. घरावर सोलार पॅनल ही कल्पनाही तेव्हा आपल्याकडे फारशी कुणाच्या डोक्यात नव्हती. पण ऊन नोंदवलं जात होतं.

पुढे त्यांनी वातावरणातला ओझोन मोजायचं उपकरण बनवण्याचं काम हाती घेतलं. १९६३ च्या सुमारास विक्रम साराभाई यांच्या सांगण्यावरून थुंबा इथल्या रॉकेट केंद्रासाठी हवामान वेधशाळा उभारली. १९६९ मध्ये उपमहासंचालक होऊन त्या दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतरचं काम, जे आज तुमच्या फोनमध्ये आहे

निवृत्तीनंतर त्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. तिथे त्यांनी इतक्या वर्षांच्या नोंदी चाळल्या, चुका काढल्या, तक्ते लावले. १९८० मध्ये भारताच्या सौर किरणांच्या आकडेवारीचं हँडबुक आलं आणि १९८१ मध्ये त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक. कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात, किती ऊन, हे इंजिनिअरला पहिल्यांदाच एका जागी मिळालं. मग त्या वाऱ्याकडे वळल्या. देशभर शेकडो ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजण्याचं काम त्यांनी मार्गी लावलं आणि त्यासाठी लागणारी यंत्रं बनवायला बंगळुरूजवळ एक वर्कशॉप काढलं. नाशिकहून साक्रीकडे जाताना डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात. पवनचक्की उभारण्याआधी तिथला वारा मोजावाच लागतो, आणि आपल्याकडे हे काम शिस्तीत बसवणाऱ्यांत मणी पुढे होत्या.

आजचं ॲप असं चालतं: सॅटेलाइट वरून ढग बघतो. गणित सांगतं की या ढगांतून खाली इतकं ऊन पोचलं असणार. पण हा अंदाज झाला. तो खरा की खोटा हे जमिनीवरच्या यंत्राशी ताडूनच कळतं. वरचं आणि खालचं असं जुळवून घेतलेलं गणित ॲपमध्ये बसतं. म्हणजे काकांची शंका बरोबर होती. मधलं गणित तपासायला खाली कुणीतरी मोजत असावं लागतं, आणि आपल्या देशात त्या मोजण्याची घडी मणी यांनी बसवली.

याचा तुमच्या खिशाशी काय संबंध? नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून आम्ही पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण तितकेच तिरके बसवतो. ३ किलोवॅटच्या सिस्टिमला पंतप्रधान सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळतं. बाकी पैसे बरेच जण कर्जाने भरतात. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरली, तर ३ किलोवॅटची महिन्याला सुमारे ३६० युनिट होतात; पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. ऊन मोजण्यात १० टक्के चूक झाली, तर महिन्याला ३६ युनिट हवेत. हप्ता मात्र तेवढाच.

आणि आता माझं

मी दिंडोरी तालुक्यातली. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला. आमच्या बॅचमध्ये मुली मोजक्याच. पहिली नोकरी एका छोट्या सोलार फर्ममध्ये टेक्निशियन म्हणून लागली. पहिल्याच आठवड्यात मला ऑफिसात फोनवर बसवलं. शिडीवर मुलगी नको, काही झालं तर जबाबदारी कुणाची, असं कारण सांगितलं. पुढे माणसं कमी पडायला लागली तशी सर्व्हेला पाठवू लागले. सावली मोजणं, लेआउट काढणं, इन्व्हर्टरची जागा ठरवणं, सगळं मी करायचे. साइटवर बाथरूम नसायचं, म्हणून सकाळपासून पाणी प्यायचे नाही. सेफ्टी बेल्ट माझ्या मापाचा नव्हता, तो दोरीने आवळायचे.

वर्षभराने नोकरी सोडली तेव्हा अनुभवाचा दाखला मिळाला. त्यावर लिहिलं होतं: ऑफिस असिस्टंट. सर्व्हे केलेल्या गच्च्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. पुढच्या ठिकाणी मला फ्रेशर म्हणूनच घेतलं, फ्रेशरच्याच पगारावर.

म्हणून मणींच्या पीएचडीचा भाग मी दोनदा वाचला. काम पूर्ण, कागद नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मणी यांना स्वतःला बाई असल्यामुळे अडलं, हे म्हणणं कधी पटलं नाही. पीएचडी नसल्याने काही बिघडलं नाही, असंच त्या मानत. आपल्या बाई असण्याचं कौतुक केलेलंही त्यांना आवडत नसे. मला त्यांचा आदर आहे, पण इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. त्यांचं बिघडलं नाही, कारण पुण्यात त्यांना खरं काम मिळालं आणि त्या कामाला साजेसं पदही मिळालं. त्यांच्याकडे शिष्यवृत्ती होती, आधी दार उघडून ठेवलेल्या कमलाबाई होत्या, रात्री थांबायला प्रयोगशाळा होती. यातलं एखादं जरी नसतं, तरी आज हँडबुकवर हे नाव दिसलं नसतं.

आज आकडे काय सांगतात? २०१९ मध्ये अपारंपरिक ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने केलेल्या पाहणीत जगभरात या क्षेत्रात बायकांचं प्रमाण ३२ टक्के निघालं. ऑफिसच्या कामात ते ४५ टक्के होतं, तांत्रिक कामात २८. त्याच वर्षी भारतातल्या रूफटॉप सोलार कंपन्यांच्या पाहणीत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास दिसलं. मुली या क्षेत्रात येतात, पण शिडीच्या खालीच थांबवल्या जातात.

मग काय करायचं? माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगते.

पहिली, ट्रेनिंग घेणार असाल तर हाताने काम करायला मिळतं का ते आधी विचारा. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा सूर्यमित्र कोर्स त्यासाठी माहीत असू द्या.

दुसरी, केलेल्या कामाची नोंद स्वतः ठेवा. फोन हातात आहेच. प्रत्येक साइटचा फोटो, तारीख, लेआउट, मोजमाप एका फोल्डरमध्ये टाका. माझ्या आत्ताच्या ठिकाणी टेक्निशियनची पोस्ट आणि पगार मिळाला तो हाच फोल्डर दाखवून. मोजून नोंद ठेवलेल्या गोष्टीला खोटं ठरवणं कठीण जातं, हे मणींनीच शिकवलं म्हणा.

तिसरी फर्मवाल्या दादांसाठी. महिला दिनाला गुलाब देऊ नका. आमच्या मापाचा बेल्ट द्या, संध्याकाळच्या साइटवरून परत यायला गाडी द्या, आणि जे काम केलं तेच दाखल्यावर लिहा. खर्च फार नाही.

ॲना मणी यांचं निधन १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरममध्ये झालं. हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

म्हसरूळच्या काकांकडे मी सिस्टिम सुरू करायला पुन्हा गेले, तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. मग शेजाऱ्यांना हाक मारली आणि त्यांच्याही गच्चीचा सर्व्हे करायचा आहे असं सांगितलं. शेजाऱ्यांनी साहेब कधी येणार ते विचारलं. काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि शिडी धरायला पुढे आले.